नोंदणीकृत दलाल क्रमांक एक

देओलिंडाला जाऊन सहा महिने झाले होते, तरी रोज सकाळी तिच्यासाठी फोन यायचे.

"देओलिंडा किंताल आहेत का?"

"नाहीत," तिचा नवरा बेल्मीरो म्हणायचा.

"कधी भेटतील?"

याला काय उत्तर द्यायचं ते त्याला पहिले काही दिवस सुचलं नाही. मग एकदा त्याने सांगून टाकलं, की ती वारली. पलीकडचा माणूस एक श्वास थांबला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. म्हणजे आता धंद्याचे निर्णय तुम्ही घेता तर?"

हे सगळे दलाल होते. छोट्या धंद्यांना झटपट पैसे मिळवून देणारे. त्यांच्या खिशात स्वतःचा एक डॉलर नसे. पैसेवाल्या कंपन्या एकीकडे, गरजू दुकानदार दुसरीकडे, आणि मधे हे, फोन घेऊन बसलेले. बॉलिंगचा धंदा कागदोपत्री देओलिंडाच्या नावावर होता आणि अशा नावांच्या याद्या विकत मिळतात. कुणीतरी तिचं नाव एकदा विकलं, त्याने ते पुढे विकलं, त्याने अजून पुढे. बेल्मीरोने एका सोमवारी मोजले. एकेचाळीस फोन.

त्यातला एक ब्रेट. तो बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी करायचा. आवाज पंचवीस वर्षांच्या पोराचा, उत्साह कालच नोकरी लागल्यासारखा. "बॉस! देओलिंडा किंतालमॅडमचाच नंबर ना हा?" त्याला रोज सांगितलं तरी तो रोज तसंच विचारायचा, कारण त्याच्या समोरच्या कागदावर पहिली ओळ तीच होती. गावातली माणसं आता तिचं नाव घ्यायचं टाळत होती. बेल्मीरो आला की विषय बदलायची. ब्रेट मात्र न चुकता घ्यायचा, आडनावासकट. म्हणून बेल्मीरो त्याचा फोन उचलायचा.

हार्लो मिल्स गावातल्या त्याच्या बॉलिंगमध्ये बारा लेन होत्या, सगळ्या डकपिनच्या. लांब लाकडी पट्टीच्या टोकाला दहा बुटक्या पिना, आणि त्या पाडायला एका पाळीत तीन चेंडू, तळहातात मावतील एवढे, बोटं घालायला भोकं नसलेले. मॉलमध्ये जे मोठ्या चेंडूने खेळतात त्याला इथली जुनी माणसं भोपळे लोळवणं म्हणतात. पण डकपिनच्या पिना उभ्या करणारं यंत्र बनवणारी कंपनी पन्नास वर्षांपूर्वी बंद पडली होती. तेव्हापासून एक यंत्र मेलं की त्याचे भाग काढून दुसऱ्याला घालायचे, एवढाच उपाय. बारापैकी सहा लेन अशाच गेल्या होत्या. पाच चालू होत्या.

राहिली सात नंबरची. तिच्यावर ताडपत्री होती आणि पाटी होती, 'यंत्र बंद'.

यंत्र बंद नव्हतं. त्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. एकतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी देओलिंडा त्या लेनवर खेळली होती. जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी खेळली, घरी जाऊन सूप केलं, आणि पुढच्या बुधवारी गेली. त्या लेनवर दुसऱ्या कुणी चेंडू टाकलेला बेल्मीरोला बघवला नसता. पण हे काही लोकांना सांगायचं कारण होऊ शकत नव्हतं. म्हणून ताडपत्री, म्हणून पाटी.

आता अडचण अशी, की गुरुवारच्या बायकांच्या लीगला सहा लेन लागतात. लीगची कॅप्टन आता देओलिंडाची धाकटी बहीण इडालीना होती. ती कॉफीच्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "भावोजी, मी मेहुणी म्हणून बोलत नाहीये, कॅप्टन म्हणून बोलतेय. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सहा लेन नसतील, तर मला बायकांना घेऊन मॉलमध्ये जावं लागेल."

"भोपळे लोळवायला?"

"मग काय करू? फुटपाथवर खेळवू? सात नंबरचं काय झालंय नक्की? जरा कुणाला तरी दाखवा."

"त्याचा मुख्य दांडा गेलाय," बेल्मीरो म्हणाला.

"सहा महिने तुम्ही हेच सांगताय."

"सहा महिने तोच गेलाय."

लीग गेली की धंदा गेला. आठवड्याच्या कमाईतली अर्धी त्या एका दुपारची होती. आणि बेल्मीरोच्या डोक्यात त्यावर एकच उपाय होता. दोन गावं पलीकडचं एक डकपिन बंद होत होतं. त्याचा मालक बाराच्या बारा यंत्रं एकगठ्ठा विकायला बसला होता, छत्तीस हजार डॉलरला. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर सगळं भंगारात. बँकेतल्या बाईने बेल्मीरोचं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जी वस्तू जगात कुणीच बनवत नाही, ती आम्ही तारण कशी धरायची?"

ब्रेटला असले प्रश्न पडत नसत. "चाळीस हजार मंजूर, बॉस! आणि हे कर्ज नाही बरं का. कर्ज म्हटलं की कायदे लागतात. ही कंपनी तुमची उद्याची विक्री आज विकत घेतेय. रोज खात्यातून फक्त चारशे ऐंशी डॉलर आपोआप जातील. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"उद्या विक्री झालीच नाही तर?"

"बॉस, तुमच्याशी बोलायला मजा येते!"

ताडपत्री काढायला एक मिनिट लागलं असतं. बेल्मीरो छत्तीस हजारांचा विचार करत बसला.

याच दरम्यान राज्यात नवा कायदा आला. अशा प्रत्येक दलालाने सरकारकडे नोंदणी करायची, नोंदणी नसलेल्याने धंदा करायचा नाही, आणि कंपन्यांनी नोंदणी नसलेल्या दलालाकडून आलेला व्यवहार घ्यायचा नाही. वाढदिवसासाठी लेन राखून ठेवायची म्हणून एक बाई चार दिवस फोन लावत होती आणि चारही दिवस लाइन दलालांनी अडवली होती, हे कळल्यावर इडालीना भडकली. "तक्रार करा! नव्या कायद्यात सोय आहे म्हणतात. नगरपालिकेत फॉर्म ठेवलेत."

घरातले सगळे फॉर्म आजवर देओलिंडाने भरले होते. बेल्मीरो गेला तो तिचा चष्मा घालूनच. तो हल्ली तिचाच चष्मा वापरायचा. त्यातून त्याला नीट दिसत नसे, पण स्वतःचा शोधावा असं वाटलं नव्हतं. टेबलावर फॉर्मचे दोन गठ्ठे होते. त्याने 'दलाल' हा शब्द जिथे मोठा दिसला त्या गठ्ठ्यातला फॉर्म उचलला.

फॉर्म नऊ पानी होता. देओलिंडाचा नियम होता, सरकारी कागदावर एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, मोकळ्या जागेत ते स्वतःच्या मनाचं भरतात. म्हणून त्याने सगळे भरले. 'गेल्या वर्षभरात किती व्यवसायांसाठी पैसे पुरवणाऱ्यांशी संपर्क आला?' एका. दिवसाला एकेचाळीस वेळा. 'एकूण किती फी मिळाली?' एक पैसा नाही. 'तुमच्यावर फसवणुकीचा आरोप आहे का?' इथे त्याला राग आला. त्याने लिहिलं, 'माझ्यावर नाही. त्यांना विचारा.'

शेवटी शंभर डॉलर फी होती. सरकारकडे तक्रार करायची तर शंभर डॉलर लागणारच, यात त्याला नवल वाटलं नाही. बोटांचे ठसेही हवे होते. पोलीस ठाण्यातला सार्जंट मंगळवारी त्याच्याकडेच खेळायला यायचा. त्याने विचारलं, "काय केलंस रे?"

"तक्रार."

"तक्रार करणाऱ्याचे ठसे घेतात?"

"नवा कायदा आहे," बेल्मीरो म्हणाला आणि अंगठा पुढे केला.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. बेल्मीरो किंताल, नोंदणीकृत व्यावसायिक वित्त दलाल, क्रमांक एक. इडालीनाने ते वाचलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि परत वाचलं.

"भावोजी, तुम्ही काय मागायला गेला होतात आणि काय घेऊन आलात?"

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला ब्रेटचा फोन आला. आवाज आज दबलेला होता. "बॉस, ते तुम्ही आहात? क्रमांक एक?"

"मी तक्रार केली होती."

"अख्ख्या राज्यात तुम्ही एकटे आहात! आमच्या वकिलांनी सांगितलं, थांबा, आधी दुसरा कोण जातोय बघू. सगळ्यांच्या वकिलांनी तेच सांगितलं. कुणीच गेलं नाही, बॉस. आता कुठल्याच कंपनीला तुमच्याशिवाय एक डॉलर वाटता येत नाही."

"मग माझे चाळीस हजार?"

"ते आता तुमच्यामार्फतच तुम्हाला मिळतील."

त्या दिवसापासून देओलिंडासाठी फोन यायचे बंद झाले. सगळे बेल्मीरोला विचारू लागले. साहेब, मला तुमच्या हाताखाली घ्या. साहेब, दलालीतले सत्तर टक्के तुमचे. एकेचाळीसचे नव्वद झाले. त्याला फार एकटं वाटलं.

आणि तपासणीला लोरेन थर्लो आल्या. पन्नाशीच्या, करड्या कोटातल्या, दारात उभ्या राहूनच बूट पुसणाऱ्या. राज्याने या कामासाठी नवा विभाग काढला होता. वर्षात तीनशे दलाल नोंदणी करतील असा अंदाज धरून तीनशे तपासण्यांचं उद्दिष्ट ठरवलं होतं.

"दलाल एकच आहे ना?" बेल्मीरोने विचारलं.

"हो. पण उद्दिष्ट बदललेलं नाही."

"म्हणजे तीनशे वेळा मला तपासणार?"

"दिवसाला दोन केल्या तर एप्रिलपर्यंत होतील," थर्लोबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही हसू नव्हतं. लेनच्या लाकडी जमिनीवर बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून त्या रोज साडेतीन डॉलर भरून भाड्याचे बूट घ्यायच्या, पावती मागायच्या, आणि सकाळची तपासणी संपली की बूट परत करून दुपारच्या तपासणीसाठी नवे घ्यायच्या. त्या महिन्यात त्यांच्याएवढं नियमित गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

अकराव्या तपासणीत बेल्मीरोने धीर करून चाळीस हजारांचं सांगितलं. स्वतःच दलाल आणि स्वतःच ग्राहक, हे चालतं का?

थर्लोबाईंनी वरच्यांना फोन करून विचारलं. "नियमात दलाल कोण ते लिहिलंय, ग्राहक कोण ते लिहिलंय. दोघं वेगळे असावेत असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे चालतं. फक्त दलालाने ग्राहकाला समोरासमोर बसवून सगळ्या अटी मोठ्याने वाचून दाखवायच्या, ठरलेले प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं खरी आहेत याची खात्री करून सही करायची. मी हजर राहीन. रेकॉर्डिंग होईल."

बैठक मंगळवारी सकाळी ठरली. शुक्रवारी यंत्रं भंगारात जाणार होती. लीग त्यानंतरच्या गुरुवारी.

ब्रेट कागद घेऊन स्वतः आला. पंचवीस वर्षांचा तो आवाज एका अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, टक्कल पडलेल्या माणसातून येत होता. "ब्रेट फोनवरचं नाव, बॉस. घरी मला ड्युएन म्हणतात," तो म्हणाला आणि जवळची पहिली खुर्ची धरून बसला.

"तुमची नोंदणी नाही," थर्लोबाईंनी त्याला बजावलं. "तुम्ही दलालाशी बोलू शकता. ग्राहकाशी एक शब्द बोलायचा नाही."

"पण दोघं एकच..."

"खुर्ची बघून बोला."

त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या आणि दोन कागद चिकटवले होते. एकीवर 'दलाल', दुसरीवर 'ग्राहक'.

"एकाच खुर्चीत बसून दोन्ही बोललो तर?" बेल्मीरोने विचारलं.

"रेकॉर्डिंगमध्ये कोण बोलतंय ते कळणार नाही."

"आवाज तर एकच आहे बाई. खुर्ची बदलून काय कळणार?"

थर्लोबाईंनी दोन्ही खुर्च्या हलवून बघितल्या. "ही करकरते. करकरली की दलाल."

बेल्मीरो करकरत्या खुर्चीत बसला आणि वाचू लागला. इडालीनाने काउंटरवरून पिळाचा गोड पाव कापत कान इकडे लावले होते.

"मंजूर रक्कम चाळीस हजार. त्यातून दलाली चार हजार आधीच कापली जाईल. हातात छत्तीस हजार."

तो उठून पलीकडे बसला. "चार हजार? कुणाला?"

परत आला. करकर. "मला."

"आपल्याला," ड्युएन पुटपुटला. "अर्धे अर्धे ठरलंय, बॉस. आणि त्यांना हे सांगा, की..." तोवर बेल्मीरो ग्राहकाच्या खुर्चीत गेला होता आणि ड्युएनला वाक्य अर्ध्यात गिळावं लागलं.

करकर. "परत द्यायचे सत्तावन्न हजार सहाशे. रोज चारशे ऐंशी, एकशे वीस कामाचे दिवस. वर्षाचा दर दोनशे चौदा टक्के."

"दोनशे चौदा!" काउंटरवरून इडालीना ओरडली. "हा व्याजाचा दर आहे की हायवेचा नंबर?"

"कर्ज नाही म्हणून व्याजही नाही, ताई," ड्युएन म्हणाला.

"तुला ताई कुणी म्हणायला सांगितलं रे? सुरी आहे माझ्या हातात."

बेल्मीरोने हा आकडा याआधीही कागदावर बघितला असणार. पण स्वतःच्या तोंडून ऐकला तो पहिल्यांदाच. तो घोटभर पाणी प्यायला. मग प्रश्नांचं पान उलटलं.

"किती रक्कम हवी?"

"चाळीस हजार."

"किती पुरेल?"

ब्रेटने रोज फोन केले होते, पण हे कधी विचारलं नव्हतं. बँकेच्या बाईनेही नाही. बेल्मीरो ग्राहकाच्या खुर्चीत बसून बोटांवर हिशेब करू लागला.

"उत्तर हवं," थर्लोबाई म्हणाल्या.

तो उठला. करकर. "किती लेन लागतात तुला?"

"सहा."

"चालू किती?"

"पाच."

"मग एकीसाठी बारा यंत्रं कशाला?"

"तो सुटी विकत नाही. बारा घ्या नाहीतर जा म्हणतो."

करकर. त्याने पुढचा प्रश्न वाचला आणि त्याचा आवाज खाली गेला. "व्यवसायाकडे वापरात नसलेलं पण चालू स्थितीतलं यंत्र आहे का?"

पलीकडे जायला त्याला या वेळी जरा वेळ लागला. "नाही," तो बसून म्हणाला.

परत दलालाच्या खुर्चीत. पेन हातात. खाली सहीची जागा होती. ग्राहकाने दिलेली उत्तरं माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत.

"सही करा," थर्लोबाई म्हणाल्या.

"करता येत नाही."

"का?"

"ग्राहक खोटं बोलतोय."

इडालीनाची सुरी थांबली. ड्युएनने कपाळाला हात लावला.

"कशावरून?"

"मी ओळखतो त्याला."

"नुसतं ओळखून चालत नाही. दाखवावं लागेल," थर्लोबाई म्हणाल्या.

म्हणून चौघं सात नंबरकडे गेले. थर्लोबाई भाड्याच्या बुटात, ड्युएन नुसत्या मोज्यांत. बेल्मीरोने ताडपत्रीची दोरी सोडली. मागे जाऊन बटण दाबलं. यंत्र एकदा खोकल्यासारखं झालं, मग फिरायला लागलं, खाली आलं आणि दहा पिना ठेवून वर गेलं. इतक्या महिन्यांची धूळ उडाली तेवढीच.

इडालीना काही वेळ त्या पिनांकडे बघत राहिली. "मुख्य दांडा गेलाय म्हणे! अहो भावोजी, मी ह्या दांड्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्यात! चार!"

बेल्मीरोने ताडपत्रीची दोरी गुंडाळायला घेतली.

"का पण?" तिने विचारलं. आता ती ओरडत नव्हती.

तो परत चालत गेला आणि ग्राहकाच्या खुर्चीत बसला, कारण खोटं त्या खुर्चीतून बोललेलं होतं. "ती तिथे खेळायची," तो म्हणाला. "दुसरं कुणी खेळलं, की ती गेली असं होईल."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता. थर्लोबाईंनी कारणांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि 'इतर'समोर खूण केली. मग म्हणाल्या, "माझे वडील आईची गाडी रोज सकाळी सुरू करायचे आणि बंद करायचे. सात वर्षं. कुठे जायचे नाहीत." आणि लगेच, "हे रेकॉर्डमधून काढावं लागेल."

मग त्यांनी विचारलं, "दलालाचा सल्ला काय?"

करकर. "घेऊ नकोस."

बेल्मीरो पलीकडे गेला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुला काय जातंय सांगायला? तुझी बायको नव्हती ती."

तो उठला. दोन पावलांचं अंतर होतं, पण मधेच थांबला, खुर्चीच्या पाठीला धरून. मग बसला. करकर.

"होती," तो म्हणाला.

इडालीनाने तोंड फिरवलं आणि आधीच कापून झालेला पाव परत कापायला घेतला.

"सल्ला नोंदवला," थर्लोबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण दलाल फक्त सल्ला देऊ शकतो. सही करायची की नाही, ते ग्राहकाने ठरवायचं."

तो ग्राहकाच्या खुर्चीत जाऊन बसला आणि कागद मांडीवर घेतला. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

तेव्हा ड्युएन बोलला. त्याला या खुर्चीशी बोलायची परवानगी नव्हती. थर्लोबाई नेमक्या त्याच वेळी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागल्या.

"अठरा वर्षं मी हे विकतोय," ड्युएन म्हणाला. त्याचा आवाज आता अठ्ठावन्न वर्षांचाच होता. "माझ्या भावाचं टायरचं दुकान होतं. त्याला पैसे हवे होते. मला फोन केला होता त्याने. मी म्हटलं, आत्ता काही नाही माझ्याकडे. होतं की. रोज विकत होतो. पण भावाच्या गळ्यात हे मारवलं नाही."

थर्लोबाईंची नाडी बांधून झाली नव्हती.

"तुम्ही देओलिंडामॅडमबद्दल रोज थोडं थोडं सांगायचात. सूप, चष्मा. माझ्या कागदावर लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक भावुक असेल तर लगेच रक्कम वाढवून सांगा. वीसचे चाळीस मी तेव्हाच केले."

"माहीत नव्हतं," बेल्मीरो म्हणाला.

"हो. कुणाला माहीत नसतं."

बेल्मीरोने सहीच्या जागेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नको'. मग देओलिंडाचा नियम पाळून पुढचे सगळे रकानेही 'नको'ने भरले. एका ठिकाणी जन्मतारीख विचारली होती, तिथेही.

थर्लोबाई सरळ झाल्या. "दलालाची फी?"

"शून्य."

त्यांनी लॅपटॉपवर आकडा टाकून बघितला, परत टाकला. "शून्य घेत नाहीये. कमीत कमी एक डॉलर तरी लागतो, नाहीतर तपासणी पूर्ण होत नाही."

बेल्मीरोने उजव्या खिशातून एक डॉलर काढला, ग्राहकाच्या खुर्चीतून उठला, दलालाच्या खुर्चीत बसला आणि तो डाव्या खिशात ठेवला. मग स्वतःला पावती लिहून दिली. ड्युएन बूट घालत म्हणाला, "त्यातले पन्नास सेंट माझे, बॉस." कुणी हसलं नाही, तोही नाही. जाताना त्याने गोड पावाचा तुकडा मागितला आणि इडालीनाने दोन दिले.

शुक्रवारी बारा यंत्रं भंगारात गेली. बेल्मीरोने तिकडे फोन केला नाही. दिवसभर तो सात नंबरच्या लाकडावर तेल लावत बसला. दोनदा ताडपत्री परत घालायला उठला आणि दोन्ही वेळा तेलाचा डबा घेऊन परतला. शनिवारी त्याने पाटी काढली. रविवारी परत लावली. बुधवारी थर्लोबाई सत्ताविसाव्या तपासणीला आल्या. त्यांनी पाटीकडे बघितलं आणि विचारलं, "ही माहिती अचूक आहे का?" तो म्हणाला, "नाही." त्या म्हणाल्या, "मग?" त्याने पाटी काढून त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती फाइलला लावली.

गुरुवारी दुपारी एक वाजता बायका आल्या. चोवीसजणी, डबे, स्वेटर, गप्पा. सहा लेनचे दिवे लागले. सात नंबरवर पहिला चेंडू कुणी टाकायचा यावर कुणी चर्चा केली नाही. इडालीनाच जाऊन उभी राहिली.

बेल्मीरोला ते समोरून बघायचं नव्हतं. तो मागे गेला, जिथे यंत्रं असतात, तेलाचा वास आणि पट्ट्यांची घरघर. पिनांच्या मागून लेन उलटी दिसते. लांब, चकचकीत, आणि टोकाला खेळणारीचे फक्त पाय. एकतीस वर्षं त्याने देओलिंडाला बहुतेक वेळा असंच बघितलं होतं, गुडघ्यांच्या खाली. इडालीनाचे पाय तिच्यासारखे नव्हते. ती उगाच तीन पावलं जास्त घ्यायची.

चेंडू येताना दिसला. डावीकडे झुकला, अजून झुकला. कडेच्या पिनेला घासून गेला. एक पडली. दुसरी डुगडुगली, विचार केल्यासारखी, आणि पडली.

"भावोजी!" तिकडून हाक आली. "किती गेल्या?"

"दोन!"

"काहीतरी सांगू नका! मी चार बघितल्या!"

"दोनच आहेत. मी इथे उभा आहे."

"ताईला बरं तुम्ही दोनाच्या चार मोजून द्यायचात!"

बायका हसल्या. कुणीतरी तिला गप्प बस म्हणून दटावलं. देओलिंडाचा विषय निघाला की लोक करतात तसं. बेल्मीरोने पट्ट्यांवरून वाकून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"देओलिंडाच्या पहिल्या चेंडूला तर एकही पडली नव्हती! अजून दोन चेंडू आहेत तुझे. टाक!"